वाघिणीखालचं रेडकू

आमच्या मालधक्क्यावरची घाण कुणी केली, हे विचारायची सोय नाही. अंबरनाथच्या अलीकडे रुळांना लागून एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडचं अख्खं जग आम्हाला कचराकुंडी समजतं. डायपर, कोंबड्यांची पिसं, जीन्सच्या कातरणांची पोती, सगळं रुळांवर. पूजा आटोपली की कुजके हारसुद्धा मालगाडीखालीच. मला या लोकांचा राग येतो आणि रागापेक्षा शिसारी जास्त येते.

मी बदलापूरला, मांजर्लीत राहते आणि इथे एका कंत्राटदाराकडे शंटिंगला आहे. इंजिन सिमेंटच्या वाघिणी आणतं. आम्ही त्या सोडवतो, धक्क्याला लावतो, रिकाम्या झाल्या की परत जोडतो. मालगाडीच्या डब्याला वाघीण का म्हणतात कोण जाणे, बिचारी ढकलू तिकडे जाते. दोन वाघिणी भिडल्या की मध्ये शिरून, वाकून ब्रेकच्या हवेचा पाइप हाताने जोडावा लागतो. ते माझं काम आणि ते मला चांगलं येतं.

त्या सकाळी बरोबर पाइपाखाली मेलेलं रेडकू पडलेलं. तबेल्यात नर जन्मला की त्याला दूध पाजायला कुणाला परवडत नाही. मेला की भिंतीवरून इकडे. पोट फुगलेलं, डोळ्यांवर माश्या, तोंडातून काहीतरी गळत होतं. इंजिन लागलेलं, ड्रायव्हर शिट्ट्या मारून कंटाळलेला. आम्ही पाच जण नाकाला रुमाल लावून उभे. मुकादम मला एरवी ‘ए’ म्हणून हाक मारतो. त्या दिवशी मी एकदम ताई झाले.

“ताई, तेवढं ओढून टाका ना बाजूला. तुमच्यात चालतं.”

तुमच्यात! जात कोणी विचारत नाही हल्ली. आडनाव ऐकलं की मनात नोंद होते आणि असलं काम निघालं की ती बाहेर येते. बाकीचे चौघे रुळांकडे बघत राहिले. कुणाला ते ऐकून काही वाटलंच नाही.

बौद्ध झाल्यावर माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावाने त्यांना दुकान बंद केलं, गिरणीत दळण घेईनात, तरी त्यांनी दोरीला हात लावला नाही. आणि इथे मुकादम दोरी माझ्यापुढे धरून उभा. कंत्राट संपत आलेलं, पुढे कुणाला ठेवायचं ते त्याच्या हातात, आणि आमची चूल माझ्या एकटीच्या पगारावर. खोटं कशाला सांगू, मी त्या दोरीकडे बघितलं. एकदा ओढून मोकळं व्हावं, असंही मनात आलं. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

“मी पाइप जोडायला आहे,” मी म्हटलं. “ढोरं ओढायला नाही.”

“मग घरी बस जा.”

मी घरी गेले नाही, धक्क्याच्या कडेला बसले. ड्रायव्हरने पुन्हा शिट्टी मारली. शेवटी मुकादमाने खिशातून फोन काढला, आणि सिमेंटच्या शेडमधला, पुढे लोखंडी सुपडं असलेला लोडर धूळ उडवत आला. रेडकू उचललं, गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लोडर सकाळपासून तिथेच उभा होता, पण मी समोर असताना तो बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. मी आत शिरले, पाइप जोडला, गाडी गेली.

नोकरीही राहिली. मुकादमाला उपरती वगैरे झाली नाही, त्याला दुसरं माणूस मिळालं नाही.

पण त्याच दुपारचं सांगायला हवं. त्या चौघांतला एक जण मला बहीण मानतो. वर्षानुवर्षं आम्ही एकाच डब्यातलं जेवतो. माझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीचं तो घरी कौतुक करतो. त्या दुपारीही तो येऊन शेजारी बसला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. त्याने भाकरी तोडली, चटणीला लावली.

“एवढं काय मनाला लावून घेतेस यार?” तो म्हणाला. “मुकादम खोटं थोडीच बोलला?”

त्याच्या तोंडात माझी भाकरी होती.