आमच्या वट्ट्यावरची जागा

माननीय पास्टर यशवंतराव अंभोरे साहेबांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवाच्या या पुस्तकात चर्चच्या मंडळीतल्या शिकलेल्या लोकांनी चांगलं लिहिलंच असेल. मी मंडळीतली नाही, हे पहिलंच सांगून टाकते. माझ्या घरी देव्हारा आहे, शनिवारी मारुतीला तेल आहे, आणि माझी शाळा चौथीत सुटली. पण मार्थाबाई घरी येऊन बसली आणि म्हणाली, "तू नाही लिहिलं तं पुस्तक अर्धं राहीन." मार्था मंडळीतली, माझी जुन्या गावची शेजारीण. दोघींच्या घरांची भिंत एकच होती. तिला नाही म्हणायचं तर तासभर भांडावं लागतं, आणि मला वांग्याला पाणी सोडायचं होतं. म्हणून हो म्हटलं.

साहेबांची आणि माझी पहिली ओळख टँकरच्या नळीवर झाली. आमचं गाव तेव्हा नुकतंच धरणात गेलं होतं. संग्रामपूर तालुक्यातच, नदीपासून लांब, एका उघड्या माळावर आम्हाला नवं गावठाण मिळालं. पत्र्याची शेडं, उन्हाळा, आणि पाणी टँकरचं. सगळ्या बायका ड्रम लावून उभ्या होत्या. तेवढ्यात पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले.

"कोन पाह्यजे?" मी विचारलं.

"मार्थाबाईंचं घर कुठं आहे? मी पास्टर."

"फादर का?"

"फादर नाही. पास्टर."

"आमाले सारखेच. मार्था राह्यते शेवटच्या गल्लीत. आनं धरम सांगाले आले असान तं आता कोनाले टाइम नाही, टँकर येऊन राह्यला."

साहेब हसले. म्हणाले, "मग नळी मी धरतो."

त्यांनी नळी धरली आणि ती सापासारखी उसळली. ड्रम सोडून सगळ्यांवर पाणी. पांढरा शर्ट अंगाला चिकटला. माझ्या सासूबाई ओरडल्या, "कोन आनलं बाप्पा याले? पान्याची नासाडी करून राह्यला!" दुसरा कोणी असता तर तिथूनच परत गेला असता. साहेब दुसऱ्या दिवशी जुना पायजमा घालून आले. नळीचं तोंड आधी ड्रमच्या तळाला टेकवायचं आणि मग तोटी सोडायची, हे कोणाकडून तरी शिकून आले होते. त्या उन्हाळ्यात नळी त्यांच्याच हातात राहिली.

मागाहून मार्थाने सांगितलं की साहेब शहरातल्या मोठ्या चर्चचे पाळक होते. मिशनचं कंपाऊंड, चिंचेची सावली, राहायला पक्कं घर. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना त्यांनी आमचा माळ मागून घेतला. काऊन मागितला, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, "तिथं सगळं बांधून झालेलं होतं."

आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच. त्यांची प्रार्थनेची खोली मातीची होती, ती आमच्या मारुतीबरोबरच पाण्यात गेली. नव्या गावठाणाच्या कडेला साहेबांनी आधी ताडपत्री बांधली, मग पत्रे टाकले, आणि चर्च सुरू झालं. रविवारी उपासना. बाकीच्या दिवशी तिथं आमच्या लेकरांचे पाळणे टांगलेले असायचे, कारण आम्ही बायका दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायचो. पाळण्यात पोर कोणाचं आहे, हे साहेबांनी कधी विचारलं नाही. रडलं तर उचलायचे.

एका वादळात अर्ध्या गावठाणाचे पत्रे उडाले, चर्चचेही उडाले. साहेबांच्या जुन्या मंडळीने चर्चसाठी नवे पत्रे पाठवले. साहेबांनी ते आधी पलीकडच्या गल्लीतल्या एका बाळंतिणीच्या घरावर टाकले, मग म्हाताऱ्यांच्या घरांवर. चर्च उघडंच राहिलं. मंडळीतले तरुण कुरकुरले. साहेब त्यांना म्हणाले, "देवाला पावसात सर्दी होत नाही. बाळंतिणीला होते." त्या पावसाळ्यात लोक डोक्यावर पोती घेऊन उपासनेला बसले. मी समोरच्या माझ्या दारातून पाहत होते.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगायलाच लिहायला बसले आहे.

नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले होते. चिठ्ठीला शेजार कळत नाही. मार्था एका टोकाला गेली, मी दुसऱ्या. माझ्या सासूबाईंना त्यांच्या जन्मभराच्या शेजारणी दिसेनाशा झाल्या. रोज दुपारी त्या भाजीची वाटी पदराखाली घेऊन सगळं गावठाण ओलांडून मार्थाच्या घरी जायच्या. जुन्या गावात हीच वाटी भिंतीवरून हात लांबवून देत होत्या. उन्हात पाय भाजायचे. मी ओरडायचे, "आत्याबाई, भाजी काय पळून चालली?" त्या म्हणायच्या, "भाजीसाठी नाही जात वं मी."

साहेबांनी ती वाटी रोज जाताना पाहिली. पहिला नाताळ आला तेव्हा त्यांनी सगळ्या गावठाणाला जेवायला बोलावलं. सगळ्यांना चालावं म्हणून गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. मंडळीतली पोरं मटणासाठी रुसली, त्यांना रुसू दिलं. आणि साहेबांनी सांगितलं, "आज प्लॉटप्रमाणे बसायचं नाही. तुमच्या गावात जसे राहत होता तसे बसा. वेटाळाला वेटाळ, गल्लीला गल्ली, घराला घर."

मैदानात गोंधळ उडाला. म्हातारे उठून उभे राहिले. "इथं पार." "हट, पार तिकडं होता, इथं तं लोहाराचं दुकान." "तू सरक, तुझं घर विहिरीच्या पलीकडं." भांडत भांडत गाव बसलं. मार्था माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीला मांडी लागली. सासूबाईंनी वाटीतली भाजी नुसता हात लांबवून तिच्या पानात टाकली.

पंगतीत मधेमधे मोकळ्या जागा राहिल्या. काही घरं पुण्याला गेली होती, काही सुरतेला. साहेबांना वाटलं, त्यांचीही आठवण ठेवावी. त्यांनी त्या मोकळ्या जागांवर पत्रावळी मांडल्या आणि रोडगा वाढायला लागले. सगळ्या बायका एकदम उठल्या.

"ओ साहेब! काय करून राह्यले? जित्या मानसाचं पान वाढता?"

आमच्याकडे माणूस नसताना पान वाढतात ते फक्त पितरांना. सुरतेला गेलेल्याची आई तिथंच बसली होती, तिने तर पदर तोंडाला लावला. साहेबांनी परात खाली ठेवली. त्यांनी स्वतः वाकून एकेक पत्रावळ उचलली आणि त्या आईसमोर हात जोडले. "माय, मला माहीत नव्हतं. जागा ठेवू, पान नको. तो आला की वाढू." तेव्हापासून आमच्या पंगतीची रीत पडली. जो गेला आहे पण जिवंत आहे, त्याची जागा मोकळी ठेवायची. तिथं कोणी बसायचं नाही आणि पान मांडायचं नाही.

माझ्या भावाला सोनाळ्याच्या बाजारात कोणीतरी मी नाताळाला जेवल्याचं सांगितलं. तो तणतणत आला. "बाई, तू बाटली म्हन्तात लोकं!"

"काऊन बे, रोडगा खाल्ला म्हंजे बाटली काय? तुह्या लग्नात दोन दिवस जेवली मी, तवा तं काही झालं नाही मले."

पुढच्या नाताळाला भाऊ स्वतः आला आणि तीन वेळा वरण मागितलं. साहेबांना मी एकदा म्हटलं, "तुमी मले कधी बोलावलं नाही चर्चमधी." ते म्हणाले, "बोलावलं की. जेवायला."

साहेब स्वतः मात्र पंगतीत बसायचे नाहीत. वाढायचे, आणि सगळे उठले की उभ्याउभ्या खायचे. लोक म्हणायचे बसा, तर म्हणायचे, "तुमच्या गावात माझं घर नव्हतं. मी कुठं बसू?" गमतीत म्हणायचे, पण तोंडावर गंमत नसायची. आयुष्यभर बदल्यांवर फिरलेला माणूस. त्यांचंही गाव कुठं उरलं होतं?

मग सासूबाई अंथरुणाला लागल्या. एकच हट्ट, "मले गावाले ने." माझा जीव कावला होता. पाण्याखालच्या गावाला कसं नेणार? साहेबांनी एक जीप आणली, म्हातारीला उचलून ठेवलं आणि आम्हाला धरणाच्या काठावर घेऊन गेले. उन्हाळा होता, पाणी मागं सरलं होतं, पण आमचं वेटाळ अजून पाण्यातच होतं. साहेब म्हातारीला धरून बसले. देवाचं नाव घेतलं नाही, समजूत घातली नाही. म्हातारीने काठी पाण्याकडे केली. "तो पाहा आमचा वट्टा. घरासमोरचा. येनारा जानारा तिथंच बसे. कोनी विचारे नाही कोन गावचा, कोन जातीचा." तिथं नुसतं पाणी होतं. साहेब म्हणाले, "दिसला, माय."

म्हातारी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमचं घर नाही ना आमच्या गावात? मंग तुमी आमच्या वट्ट्यावर बसत जा."

त्या नाताळापर्यंत म्हातारी राहिली नाही. पण पंगत बसली तेव्हा मी माझ्या आणि मार्थाच्या मधे, थोडी पुढे, जागा सोडली आणि साहेबांच्या हातातली परात ओढून घेतली. "बसा. सासूनं दिलेली जागा हाय, माह्याशी वाद नाही घालाचा." साहेब बसले. पहिला घास बराच वेळ त्यांच्या हातातच होता.

पुढं दरवर्षी ते तिथंच बसले, आणि न सांगता माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवायचे. मग निवृत्त झाले, छातीचं ऑपरेशन झालं, आणि लेकीकडे नागपूरला राहायला गेले. त्याला आता काही नाताळ झाले. नवे पास्टर मागच्याच वर्षी आले, तरुण आहेत, मनाचे चांगले आहेत. मागच्या नाताळाला त्यांनी आदराने साहेबांच्या जागेवर पत्रावळ मांडली, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी वांग्याची भाजी वाढत होते. भाजीचं भगोनं तिथंच टाकून धावले आणि पत्रावळ हिसकली. "जिते हायत ते! जिते हायत!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. नवे पास्टर घाबरले. मार्थाने त्यांना बाजूला नेऊन समजावलं. मी त्या रिकाम्या जागेशेजारी बसले आणि मला जेवण गेलं नाही. माझी तीच वांगी, तेच रोडगे, पण कडेला पाण्याचा तांब्या सरकवणारा हात नव्हता.

मी साहेबांना फोन केला. "येता का नाही?" ते म्हणाले, "शेवंताबाई, जुना पास्टर येऊन बसला की लोकांच्या माना त्याच्याकडे वळतात. नव्या माणसाला जागा द्यावी लागते."

मी म्हटलं, "चर्चमधी नका बसू मंग. वट्ट्यावर बसा. वट्टा चर्चचा नाही, माह्या सासूचा हाय."

मग म्हणाले, "बघतो."

हे "बघतो" मला पुरत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं आणि छापायला दिलं. नव्या पास्टरांनी वाचलं आहे. तेही म्हणतात की या.

साहेब, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गोळ्या वेळेवर घ्या, जिना चढू नका, लेकीचं ऐका. तुमच्या देवाकडे मार्था रोज मागते आणि माझ्या मारुतीकडे मी शनिवारी मागते, तेव्हा दोन्हीकडून बंदोबस्त आहे. नाताळाला पंगत बसेल. मार्थाच्या आणि माझ्या मधे जागा मोकळी राहील. तिथं पान मांडलेलं नसेल. तुम्ही या, बसा. मग वाढते.

— शेवंताबाई