उष्टं पाणी

वडगावचे कल्लाप्पा विणकर होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून, म्हणजे त्र्याऐंशी सालच्या दिवाळीपासून, ते आठवड्यातून दोनदा बेळगावात आमच्या इस्पितळात डायलिसिसला यायचे. मशीन एकच, चालवणारा मी. दुसरं गाठायचं तर मुंबई.

"माझा माग अमावास्येला तरी थांबतोय. ह्याला ती बी सुट्टी न्हाय," मशीनकडं बघून ते म्हणायचे.

त्या दुपारी ते पाळी नसताना धापा टाकत आले, तेव्हा मशीनवर शेवटच्या पाळीचा निपाणीचा रवळू झोपला होता. त्याला कावीळ झालेली, रक्तातून पसरणारी. मध्येच रक्त आणि मशीनचं पाणी यांच्यामधला पातळ पडदा फाटला. टाकीतलं पाणी गुलाबी झालं. दाराशी बसलेल्या कल्लाप्पांनी ते पाहिलं.

आम्ही पाणी सोडून दिलं, टाकी धुतली. पडदा प्रत्येकाला नवा असायचा, पण टाकी आणि नळ्या त्याच. औषध भरून रात्रभर ठेवलं तरच विषाणू मेल्याची खात्री. इकडं कल्लाप्पांच्या फुप्फुसात पाणी चढलेलं, आडवंही होता येईना.

"त्याचं उष्टं पाणी मला देतोस व्हय रं?"

"पाणी ताजं हाय, आप्पा. भांडं तेवढं तेच."

"मग उष्टंच की."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आत्ता घेतलं तर कावीळ होऊ शकते, आणि थांबलात तर सकाळ दिसेलच असं नाही.

त्यांची बायको गंगव्वा जन्मभर नवऱ्याच्या मागून, त्याच्याच ताटात जेवलेली. ती उसळली. "मी इतकी वर्सं उष्टंच खातोय, मेलो का? झोपा गप."

"तुला सवय हाय गं."

"मग तुमी बी करा."

कल्लाप्पा हसायला गेले आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर त्यांनी स्वतःच हात पुढं केला.

डायलिसिस झाल्यावर उठताना ते गंगव्वाला म्हणाले, "आजपास्नं तुझं ताट येगळं घे."

"न्हाय घेत."

"घे म्हटलं न्हवं!"

इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तात तो विषाणू सापडला. मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पाळी काढून घेनार न्हाईसा न्हवं?"

"न्हाय, आप्पा. आता फक्त रवळूनंतर, सगळ्यांच्या शेवटी."

ते बाकावर सरकून बसले आणि मशीन रिकामं व्हायची वाट बघू लागले.