सहा रेशमी झबली

मी दीड महिन्याची होते तेव्हा आईची बाळंतपणाची रजा संपली. १९६४ सालचा जानेवारी. सोमवारी हजर व्हा, नाहीतर नाव कमी होईल, असं कारखान्याचं पत्र आलं. त्या पत्रावर आमच्या घरात तीन दिवस चर्चा चालली आणि तीन दिवसांत एकानेही आईला विचारलं नाही, की प्रेमा, तुला काय वाटतं?

आई शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात होती. केसाइतकी बारीक तांब्याची तार रिळावर गुंडाळायचं काम. नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता. काकांचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं आणि त्यांची फी आईच्या पगारातून जायची. म्हणजे घराला आईचा पगार हवा होता. फक्त ती गेल्यावर मला कोण घेणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

तसे मार्ग तीन होते. पहिला, कारखान्यातलंच शिशुगृह. कायद्याने बांधलेलं, फुकट, दहा पाळणे, सांभाळायला लूर्दम्मा नावाची ख्रिश्चन आया. शिवाय अंगावर पिणारं मूल असेल तर आईला दिवसातून दोनदा पंधरा मिनिटांची सुट्टी, मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत. दुसरा, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सकवारबाई. त्या महिना पंधरा रुपयांत दोन मुलं सांभाळायच्या. आणि तिसरी, माझी आज्जी.

"त्या लूर्दम्माच्या हातचं दूध प्यायचं आपल्या मुलीनं?" आज्जी म्हणाली. सकवारबाईंचं नाव निघाल्यावर म्हणाली, "आज्जी घरात जिवंत असताना पंधरा रुपये देऊन मूल सांभाळायला द्यायचं? लोक काय म्हणतील, हयवदना?"

हयवदन म्हणजे माझे वडील. अशा वेळी तोंडात मिठाची गुळणी धरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आता आज्जीबद्दल सांगायला हवं. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं. बोलण्यात कानडी कधी मिसळलं ते कळलं नाही, सोवळ्यालासुद्धा आम्ही मडी म्हणू लागलो, पण त्या मडीत मात्र कुणी तडजोड होऊ दिली नाही. आज्जी पहाटे पाचला विहिरीच्या पाण्याने आंघोळ करायची आणि तेव्हापासून दुपारी एकला स्वतः जेवेपर्यंत मडीत असायची. त्या वेळात तिला कुणी शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा आंघोळ, आणि केलेला स्वयंपाक देवाला चालायचा नाही. आईची बस सकाळी साडेसहाला बसवनगुडीच्या कोपऱ्यावर यायची. साडेसहा ते एक, मी पाळण्यात आणि मला घ्यायला कुणी नाही.

"अत्ते, मग कसं करायचं?" आईने विचारलं. सासूला ती कानडी पद्धतीने अत्तेच म्हणायची.

आज्जीने विचार केला. ती दुष्ट नव्हती. तिला मी हवीच होते, फक्त नियमात बसवून हवी होते. "रेशमाला विटाळ नाही," ती म्हणाली. "पोरीच्या अंगावर रेशीम असलं तर मी मडीत पण घेईन. अंथरायला लोकरीची धाबळी घाल. सुताचा धागा नको, सरी?"

"सरी, बरं," आई म्हणाली.

विकतच्या रेशमाला पैसे कुठले? रविवारी दुपारी आईने आपला लग्नातला शालू काढला. डाळिंबी रंगाचा, माहेरहून आलेला एकच. तिने तो पदराकडून कापायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत सहा झबली शिवली. शिवायचा दोराही रेशमाचा. "सोनं करून ठेवलंस गं शालूचं," आज्जी कौतुकाने म्हणाली. आईने मान खाली घालून दोरा तोडला. वडिलांनी काहीच पाहिलं नाही.

सोमवारी ती गेली. आज्जी शब्दाला जागली, हे कबूल केलं पाहिजे. मी रडले की ती मला उचलायची, मांडीवर घेऊन चांदीच्या बोंडल्याने गाईचं दूध पाजायची. ओली झबली स्वतः धुऊन उंच काठीवर वाळत घालायची. पहिले बारा दिवस सगळ्यांना वाटलं, जमलं.

आईचं काय जमलं होतं? दहा वाजता मुकादम हाक मारायचा, "प्रेमाबाई, तुमची पंधरा मिनिटं." बाकीच्या दोघी-तिघी शिशुगृहाकडे पळायच्या. आईचं मूल दहा मैल लांब. ती हात धुवायच्या जागी जाऊन, दार लोटून, दूध मोरीत पिळून टाकायची. तसं केलं नाही तर छाती दगडासारखी व्हायची आणि पोलकं भिजायचं. तीन वाजता पुन्हा तेच. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी स्वतः आई झाले होते. मला इतका राग आला, की कुणावर काढावा ते कळेना.

तेराव्या दिवशी थंडी जास्त होती. पहाटे आईने मला झबलं घातलं तेव्हा ते गारठलेलं होतं आणि मी अंग चोरून घेतलं. आईच्याने बघवेना. तिने आपल्या जुन्या पातळाचा एक मऊ तुकडा माझ्या पोटाला गुंडाळला आणि वरून रेशमी झबलं घालून बंद बांधले. बाहेरून काही दिसत नव्हतं. मग ती बसकडे धावली.

नऊच्या सुमाराला आज्जी मला बदलायला बसली आणि झबल्याखालून पांढरं सुती फडकं निघालं.

मडी मोडली. नैवेद्य तयार होता, तो बाजूला ठेवावा लागला. साठीच्या बाईने त्या थंडीत पुन्हा डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि पुन्हा चूल पेटवली. वडील उपाशी ऑफिसला गेले. तेवढ्यावर भागलं असतं. पण आज्जीला लागलं ते वेगळंच.

"चुकून मला शिवली असतीस तर मी काही म्हटलं नसतं," संध्याकाळी ती आईला म्हणाली. "तू लपवून घातलंस. बारा दिवस मी कशाकशात देवाला वाढलं, मला काय माहीत?"

"आजच घातलं हो, अत्ते. पोर काकडत होती."

"मला सांगायचंस. धाबळी गुंडाळली असती मी."

खरंच, लोकर चालत होती. पहाटेच्या घाईत आईला ती सुचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आज्जीने एकपर्यंत मला उचलणं बंद केलं. रेशमाचाही आता तिला भरवसा नव्हता. ती पाळण्याशेजारी बसून लांब काठीने झोका द्यायची, लांबूनच बोंडलं धरायची आणि गाणी म्हणायची. गाणी म्हणता म्हणता रडायचीही, असं सकवारबाई सांगायच्या. भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू यायचं. चौथ्या दिवशी त्यांनी आईला बसच्या कोपऱ्यावरच गाठलं. "अक्का, पैसे नकोत मला. पोर स्वल्प वेळ माझ्याकडे ठेवा. सकाळभर रडते हो."

आईने घरी येऊन हे सांगितलं. आज्जी म्हणाली, शेजारणीने फुकट सांभाळलेलं तर त्याहून वाईट. आईने मग शिशुगृहाचा फॉर्म आणला. त्यावर वडिलांची सही लागायची. वडिलांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि म्हणाले, "आईला विचार."

आज्जी म्हणाली, "ने. पण मग तिकडचं खाऊन-पिऊन आलेली पोर माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत नाही. आणि तिला घेणारी तूही नाहीस."

फॉर्म देवघराच्या कोनाड्यात दोन वर्षं पडून होता. नोकरी सोडते, असं आई एकदाच म्हणाली. तेव्हा काका ताटावरून उठून गेले आणि वडील पहिल्यांदा आपणहून बोलले, "मग त्याचं वर्ष वाया घालवायचं का?" आई दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या बसमध्ये होती.

तिसऱ्या महिन्यात तिचं दूध आटलं. सुट्टी मात्र चालू होती. दहा वाजता मुकादम हाक मारायचाच. मोरीत आता काम नव्हतं, म्हणून ती शिशुगृहाच्या खिडकीशी जाऊन उभी राहू लागली. एके दिवशी आत एक पोर किंचाळत होती. लूर्दम्माच्या दोन्ही हातांत दोन मुलं. ती वैतागून ओरडली, "नुसतं बघत काय उभी आहेस अम्मा, घे की तिला!"

आईच्या अंगावर कामाचं सुती पातळ होतं आणि बोटांना तेल लागलेलं. तिने घेतलं, आणि मग रोजच घेऊ लागली. पोरीचं नाव स्टेला. माझ्याहून आठ दिवसांनी मोठी.

हे मला कळलं १९६९ साली, कारखान्याच्या वार्षिक दिवशी. कामगारांच्या मुलांना लाडू वाटत होते. मी पाच वर्षांची. आई सतरंजीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर जाऊन बसावं असं मला फार वाटत होतं. पण आमच्या घरात मूल बोलायला लागलं की पहिलं वाक्य शिकायचं ते विचारण्याचं. म्हणून मी हातभर अंतरावर थांबले आणि विचारलं, "आई, शिवू?"

तेवढ्यात गर्दीतून लाल फ्रॉकमधली एक मुलगी पळत आली आणि काही न विचारता धपकन आईच्या मांडीवर बसली. लाडवाचे हात तिने आईच्या पदराला पुसले. आईने सवयीने तिच्या पोटाभोवती हात घातला.

मग तिला मी दिसले. तिने दुसरा हात माझ्याकडे पुढे केला. "ये ना गं, विचारतेस काय?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी मात्र 'शिव' या उत्तराची वाट बघत तिथेच उभी होते.