कीथच्या बोटीतले कर्णिक

डॉक्टर शशिधर कर्णिक मूळचे पेणचे. तळ्यात गळ टाकायचा, अर्धा दिवस वाट बघायची, हातभर मासा बाहेर काढायचा आणि मग त्याची लांबी मोजून, फोटो काढून त्याला अलगद पाण्यात सोडून द्यायचं, हा उद्योग पेणच्या माणसाला सांगितला तर तो सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. तिकडे तळ्यातला जिताडा म्हणजे मान. जावयाच्या पानात वाढायचा, नाहीतर अडलेल्या कामासाठी साहेबाच्या घरी पोचवायचा. इंग्लंडात येऊन कर्णिकांना जे जे शिकावं लागलं, त्यात हाती आलेला मासा सोडणं सगळ्यात जड गेलं. थंडीची सवय त्यामानाने लवकर झाली.

कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात ते म्हाताऱ्यांच्या वॉर्डावर डॉक्टर होते. स्टाफ ग्रेड म्हणून, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखाली, लागले आणि स्टाफ ग्रेड म्हणूनच रिटायर झाले. बरोबरीचे कन्सल्टंट झाले, मागून आलेलेही झाले. यांना इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल चार बरे शब्द बोलणं कधी जमलं नाही. माणूस भिडस्त. आपल्याकडे भिडस्तपणा हा गुण समजतात, मुलींची स्थळं बघताना मुद्दाम सांगतात. पण त्या भिडेपायी माणूस नको तिथे गप्प बसतो आणि निस्तरावं दुसऱ्यालाच लागतं, हे कुणी सांगत नाही.

कीथ भेटला तोही माशामुळेच. कर्णिक नवे नवे आले होते, शहराबाहेरच्या मोठ्या तळ्यावरच्या, म्हणजे लेकवरच्या, मासेमारी क्लबाचे मेंबर झाले होते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीतच त्यांच्या गळाला पाइक लागला. लांबट अंग, चपटं डोकं, तोंडभर दात. कर्णिकांना जिताड्याचा इंग्रज चुलतभाऊच भेटल्यासारखं झालं. त्यांनी तो पिशवीत घातला आणि घरी आणला. त्यांच्या बायकोने, सुनीतीने, हळद-मीठ चोळून त्याचा चिखलाचा वास घालवला, चिंचेचं कालवण केलं, आणि पानं घेणार एवढ्यात बेल वाजली.

दारात कीथ. क्लबाचं जाकीट घातलेला, रागाने लालबुंद झालेला. तो मोटारींच्या कारखान्यात फिटर होता आणि फावल्या वेळात लेकवरचा बेलिफ, म्हणजे राखणदार. कुणी नियम मोडला की त्याचं कार्ड काढून घेणं त्याच्या हातात होतं.

"तुमचे मिस्टर आहेत का? एका माशाबद्दल बोलायचंय," तो म्हणाला.

"हो हो, आत्ताच झालाय तयार," सुनीती म्हणाली. "या ना, वेळेवर आलात."

पेणच्या रीतीप्रमाणे जेवणाच्या वेळी आलेला माणूस उपाशी जात नाही. सुनीतीने त्याला खुर्चीवर बसवलं, पान वाढलं आणि शेपटीकडचा चांगला तुकडा त्याच्या भातावर घातला. कीथ काय समजायचं ते समजला. पण समोर एक बाई प्रेमाने वाढत उभी, आणि हाही आपला इंग्रज, म्हणजे भिडेच्या बाबतीत आपल्या वरताण. तो जेवला. दुसऱ्यांदा मागून घेऊन जेवला. पुरावाच पोटात गेल्यावर तक्रार कसली करणार? जाताना दारात त्याने कर्णिकांसमोर बोट नाचवलं. "इथे आपण मासे मारत नाही. मोजायचे आणि सोडायचे. पहिलीच वेळ आहे म्हणून सोडतोय."

"चूक झाली. पुन्हा होणार नाही," कर्णिक म्हणाले.

पुढच्या शनिवारी कीथने त्यांना आपल्या बोटीत घेतलं. तिथून पुढे प्रत्येक शनिवार त्या बोटीत गेला. दर ऑक्टोबरात लेकवर जोड्यांची स्पर्धा असते. दिवसभरात जोडीने पकडलेल्या पाइकांच्या लांबीची बेरीज करायची, मोठी बेरीज ती पहिली. मासा मोजून झाला की तो पोहत गेला पाहिजे. मेला तर जोडी बाद. कीथ आणि कर्णिक दोनदा दुसरे आले. पहिले कधीच आले नाहीत. कर्णिकांना त्याचं तेवढं नव्हतं, पण कीथचा जीव त्या पहिल्या नंबरात अडकलेला.

मग सुनीती गेली. कॅन्सर होता, फार दिवस लागले नाहीत. मुलगी ईरा एडिनबराला बँकेत. घरात कर्णिक एकटे, टीव्ही आणि फ्रीजरमधली डब्यांची रांग. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ते नुसते शनिवारची वाट बघत बसत.

आणि अशात त्या वर्षीची स्पर्धा होऊन गेल्यावर एका शनिवारी कीथने गळाची गाठ बांधली, कापली, पुन्हा बांधली, पुन्हा कापली. मग त्याने विचारलं, "सुनीती बरी आहे ना?"

सुनीतीच्या अंत्यविधीला शवपेटीला खांदा दिलेला माणूस हा. आयुष्यभर कर्णिकांनी वॉर्डात हेच विसरणं ओळखायचं काम केलं होतं. म्हाताऱ्यांना आजचा वार विचारायचा, राणीचं नाव विचारायचं, आणि मग बाहेर येऊन बायकामुलांना समोर बसवून आजाराचं नाव सांगायचं. शेकडो घरांना त्यांनी ते सांगितलं होतं. आता एका घराला सांगायचं होतं.

"बरी आहे," ते म्हणाले.

त्यांनी मॉरीनला, कीथच्या बायकोला, सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तपासण्या झाल्या असत्या, औषध सुरू झालं असतं. पण त्याबरोबर बोटीचं इंजिन चालवणं बंद झालं असतं, बोट गेली असती आणि शनिवार गेला असता. कीथचाही आणि कर्णिकांचाही. कर्णिक स्वतःला समजावत राहिले की हे कीथसाठी चाललंय. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं स्वार्थ होता, आणि तोही त्यांना माहीत होता.

वर्ष होत आलं, पुढची स्पर्धा तोंडावर आली, तेव्हा ईराला मात्र त्यांनी फोनवर सांगितलं.

"बाबा, तू मॉरीनला सांगितलंस का नाही अजून?" ती चिडलीच. "इट्स नॉट फेअर ऑन हर. तू डॉक्टर आहेस, यार. आणि बोटमध्ये समथिंग हॅपन झाला तर?"

"ही स्पर्धा होऊ दे. मग सांगतो."

"यू ऑल्वेज डू धिस. आईच्या वेळी पण तू लास्ट मिनिटला मला सांगितला."

कर्णिकांनी जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

स्पर्धेचा दिवस उजाडला तो राखाडी. आभाळ खाली आलेलं, पाणीही त्याच रंगाचं. कीथ मात्र खुशीत होता. पाण्यावर गेला की त्याचे हात सगळं बरोबर करायचे. डोक्यातून पुसलेलं हातात शिल्लक होतं. सकाळीच दोन बऱ्यापैकी पाइक मिळाले. दुपारी लांबच्या टोकाला, बुडालेल्या कुंपणाच्या खुंटांपाशी त्याची काठी वाकली आणि वाकूनच राहिली.

तसा मासा कर्णिकांनी त्या लेकमध्ये पाहिला नव्हता. जाळ्यात घेताना बोट एका अंगाला कलली. माशासाठीच्या ओल्या गादीवर ठेवून कीथने चिमट्याने गळ सोडवला, एवढ्या प्रेमाने की दाईने बघावं. कर्णिकांनी पट्टी लावली. आकडा वाचून त्यांनी पुन्हा वाचला. फोटो काढला. बेरीज तोंडी होण्यासारखी होती. आज त्यांना कुणी गाठू शकत नव्हतं. फक्त मासा पाण्यात सोडायचा बाकी होता.

"कीथ, जिंकलो आपण," ते म्हणाले.

कीथ हसला. मायेने हसला. "सुनीतीला किती आवडेल बघ," तो म्हणाला, आणि पायाशी पडलेला इंजिनाचा पाना उचलून त्याने माशाच्या डोक्यात घातला.

एकच घाव. फिटरचा हात तो, चुकतोय कसला. माशाचं अंग थरथरलं आणि शांत झालं. कर्णिक हात पुढे केलेले तसेच बसून राहिले.

"पिशवीत घाल," कीथ हळूच म्हणाला आणि त्याने डोळा मारला. "मी कुणाला सांगणार नाही. ते चिंचेचं काय करते ना ती, तेच करायला सांग."

आयुष्यभर माशासाठी लोकांशी भांडलेला माणूस. मुलांनी मासा कोरड्या गवतावर ठेवला तरी अंगावर धावून जाणारा. कर्णिकांना रडू आलं ते माशासाठी नव्हे. त्यांनी तोंड फिरवून नाक पुसलं, मासा पिशवीत घातला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच इंजिन स्वतः चालवत बोट धक्क्याला आणली.

पिशवीतून शेपटी बाहेर येत होती. लपवायला जागा नव्हती, आणि लपवण्याचं बळही नव्हतं. धक्क्यावर मंडळी जमली. क्लबाच्या सेक्रेटरीने पिशवी उघडली आणि डोकं फुटलेला मासा पाहिला.

"हा कुणी मारला?"

कर्णिकांनी कीथकडे पाहिलं. तो थर्मासचं झाकण लावण्यात गुंतला होता. ते झाकण उलटं धरलं होतं.

"मी," कर्णिक म्हणाले. "जुनी सवय."

एकाने तरी म्हणायचं होतं, हे शक्य नाही. तीस वर्षं त्या धक्क्यावर त्यांनी सगळ्यांबरोबर चहा प्यायला होता, कुणाच्या आईचं औषध बघितलं होतं, कुणाच्या बापाजवळ वॉर्डात रात्र काढली होती. कुणाच्या चेहऱ्यावर साधी शंकाही उमटली नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "खातात ना ते लोक." लगेच पटलं सगळ्यांना. सेक्रेटरीने हात पुढे केला आणि कर्णिकांनी आपलं कार्ड त्यावर ठेवलं.

आणि तेवढ्यात कीथ पुढे आला. त्याने पिशवीत वाकून पाहिलं. चेहरा हळूहळू लाल होत गेला, अगदी त्या दिवशी दारात होता तसा.

"शशी? तू मारलास याला?"

कर्णिकांनी होकारार्थी मान हलवली.

"एवढी वर्षं माझ्या बोटीत बसलास. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुला. पहिल्याच दिवशी! आपण मासे मारत नाही." त्याचे डोळे भरले होते. "माझ्या बोटीत पुन्हा पाय ठेवू नकोस."

तो कर्णिकांच्या गाडीत बसायलाही तयार होईना. मॉरीनला फोन करून बोलवावं लागलं. कीथ तिच्या गाडीत जाऊन बसल्यावर पार्किंगमध्ये कर्णिकांनी तिला सगळं सांगितलं. मासा कुणी मारला ते, आणि वर्षभर आपल्याला काय दिसत होतं ते.

मॉरीन ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मलाही दिसत होतं, शशी," ती म्हणाली. "पण मी म्हणायचे, दर शनिवारी तो एका डॉक्टरबरोबर असतो. काही असतं तर शशी बोलला असता. तू काही बोलला नाहीस, म्हणून मी निश्चिंत राहिले."

ती गाडी काढून गेली. मासा कर्णिकांनी घरी नेला. हळद-मीठ चोळलं, चिंच भिजवली, सुनीतीला करताना पाहिलं होतं तसं केलं. चिखलाचा वास काही गेला नाही. चार घास उभ्यानेच खाल्ले आणि बाकीचं झाकून ठेवलं.

आता तपासण्या झाल्या आहेत, औषधं चालू आहेत, उशिरा सुरू झाली म्हणून जेवढा उपयोग व्हायचा तेवढाच होतो. कर्णिक दर शनिवारी कीथच्या घरी जातात. दार कीथ स्वतः उघडतो. मोटारींचा कारखाना त्याच्या डोक्यातून गेला, बोट गेली, सुनीतीही गेली. मॉरीनला तो परवा "नर्स" म्हणाला. पण दारात कर्णिक दिसले की त्याचा चेहरा लाल होतो.

"शशी," तो म्हणतो, "तू तो मासा मारलास."

"चूक झाली," कर्णिक म्हणतात. "पुन्हा होणार नाही."

कधी तो दार लावून घेतो. कधी थोडा वेळ विचार करून बाजूला होतो आणि आत येऊ देतो, पण बोलत नाही.

मॉरीनने एकदा चहा देताना विचारलं, "मी सांगू का त्याला, की तू नाही मारलास? निदान राग तरी जाईल."

समोर खिडकीशी कीथ पाठ करून बसला होता. गेल्या महिन्याभरात त्याने नाव घेऊन हाक मारलेला माणूस एकच होता.

"नको," कर्णिक म्हणाले. "राहू दे."