सासूबाईंना ऐकू आलेली हाक

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माणिकपूरच्या एका शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. कोणी असं काही सांगायला लागलं की उलटसुलट प्रश्न विचारून त्याला गप्प करणारी मीच असते. तरीही आज इथे लिहायला बसलेय, कारण हे दिवसाढवळ्या, भर गर्दीत, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

आधी सासूबाईंबद्दल सांगते. त्या समुद्रकाठच्या कळंबच्या, मच्छीमार घरातल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. गेली काही वर्षं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. डावा कान पार गेलाय. उजव्यात मशीन घातलं तर समोर बसून बोललेलं कळतं. मशीन काढलं की शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी पत्ता नसतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी, सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आणि माझी लेक इरा, अशा तिघी विरारच्या पलीकडे एका अम्युझमेंट पार्कमध्ये गेलो होतो. मिस्टरांना सुट्टी मिळाली नाही. त्या पार्कमध्ये घरातल्या सगळ्यांना बसता येईल अशी एक रोलर कोस्टर आहे. उलटंपालटं करणारी नव्हे, लहान मुलांनाही चालेल अशी. आणि खरं सांगते, फार सुंदर बनवलीय. गाडी म्हणजे एक लांबलचक समुद्री ड्रॅगन. अंगावरचा एकेक खवला वेगळ्या हिरव्या रंगाचा. एक खोटा डोंगर, त्यावरून पडणारा धबधबा, आणि पोटात निळ्या दिव्यांची गुहा. ड्रॅगन डोंगरावर चढतो, वरून क्षणभर ताडाची झाडं आणि लांबवर समुद्राची चकाकी दिसते, की लगेच घसरत, वळणं घेत गुहेत शिरतो. चढावर साखळी गाडी ओढते, त्यापुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं... वर्गात फळ्यावर काढते तेच, पण पोटात गोळा आला तेव्हा कुठे मला ते पहिल्यांदा नीट कळलं.

बसण्याआधी चष्मे, मोबाईल, जे काही पडू शकेल ते काढून ठेवावं लागतं. मी आईंच्या कानातलं मशीन काढून डबीत घातलं आणि डबी पर्समध्ये. पर्स बाहेरच्या कप्प्यात. आई घाबरतील असं वाटलं होतं, पण त्या पूर्ण वेळ हसत होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, भरतीच्या वेळी आमची होडी खाडीच्या तोंडाशी अशीच उडायची. आणि आम्ही काही विचारायच्या आत परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या वेळी आम्हाला सगळ्यात पुढची सीट मिळाली. मांडीवरचे दांडे खाली आले. गाडी सोडणारी मुलगी एकेक दांडा ओढून बघत आमच्यापर्यंत आली, आणि आईंनी तिचं मनगट धरलं.

"गाडी सोडू नको. आत पोर हाय."

त्या मुलीला वाटलं आजी घाबरल्यात. ती हसून म्हणाली, आजी, आत्ताच तर बसला होता ना, काही होत नाही. पण आईंना ऐकू येतच नव्हतं. त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या. नजर समोर, डोंगराकडे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. धबधब्याचा आवाज, वर स्पीकरवर मोठ्याने लागलेलं संगीत, मागे पोरांचा कालवा. मी चांगल्या कानांची बाई, मला शेजारच्या इराचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मी आईंच्या कानाशी जाऊन ओरडले की काही नाहीये आत, हात सोडा तिचा. त्यांनी सोडला नाही.

"हाक मारतेय ती," त्या म्हणाल्या. "आधी बघून या."

मागचे लोक कुरकुरायला लागले. उतरवा त्यांना, असंही कोणीतरी म्हणालं. त्या मुलीचं मात्र मला आजही कौतुक वाटतं. तिने आईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, वॉकीटॉकीवर दोन शब्द बोलली आणि राइड बंद केली. संगीतही बंद केलं. सगळं शांत झाल्यावर मी कान देऊन ऐकलं... धबधब्याच्या पाण्याशिवाय काहीही नाही. एक टेक्निशियन टॉर्च घेऊन रुळाच्या कडेच्या फळीवरून गुहेत गेला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेवर मुलगी होती. चार-एक वर्षांची असेल. पिवळा फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला. धबधब्यामागून शोभेच्या खडकांमधून ती कशी आत शिरली कोण जाणे. गाडी जिथे आतल्या बाजूला कलते, त्याच वळणावर रुळाला खेटून बसली होती, असं त्याने सांगितलं. गाडी सुटली असती तर काय झालं असतं, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात तिची आई धावत आली. ती बिचारी खाण्याच्या स्टॉलपाशी लेकीला शोधत फिरत होती. पोरीला छातीशी धरून तिने आधी तिचे हातपाय चाचपून पाहिले. मग तिने विचारलं, कोणाला दिसली ही? मी सांगितलं, दिसली नाही, तिने आतून हाक मारली, ती आमच्या आईंनी ऐकली.



"ताई, ही बोलत नाही," ती म्हणाली. "जन्मापासून. रडते तेव्हासुद्धा आवाज फुटत नाही तिचा."

मी कप्प्यातून पर्स काढली, डबी उघडून बघितली. मशीन आतच होतं. मशीन बंद राहावं म्हणून बॅटरीचं झाकणही मीच उघडून ठेवलं होतं, तसंच.

आई तोवर गाडीतून उतरून बाकावर बसून खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या. त्यांच्या मागून ती बाई मुलीला घेऊन निघाली. मुलीने तिच्या खांद्यावरून वळून आईंच्या पाठीकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आईंनी मान वर केली नाही, पट्टा लावता लावताच म्हणाल्या,

"हो गं बाय. आता आयचा हात सोडू नको."

मुलगी हसली आणि तिने आपल्या आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

रिक्षात मशीन घालून दिल्यावर मी त्यांना विचारलं, काय ऐकलंत नक्की? त्या म्हणाल्या, ती गुहेतून "आजी, मी इथं हाय" म्हणत होती. आवाज जरा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. आणि जाताना? जाताना "येते" म्हणाली. यात एवढं विचारण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांचे कान तपासून आणले. ऐकणं होतं तेवढंच आहे, किंचितही सुधारलेलं नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, कधी कधी कंपनं हाडांमधून जाणवतात. असेलही. पण जिच्या गळ्यातून आवाजच निघत नाही, तिचं कंपन कसलं... आणि कंपनाला शब्द कुठून येणार?

घरी हा विषय निघाला की आई एवढंच म्हणतात, की पोरीने हाक मारली, आपण ओ दिली, झालं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. एवढ्या लोकांसमोर, सून कानाशी ओरडत असताना, त्यांनी गाडी सोडणाऱ्या मुलीचं मनगट सोडलं नाही. ते त्यांनी का केलं हे मला समजतं. बाकीचं अजूनही समजलेलं नाही.