डोकं हुंगणारी तानूकाकी

तानूकाकीने माझं नाव नंतर विचारलं. आधी तिने माझं डोकं हुंगलं.

तालुक्याच्या शाळेतून सातवी पास होऊन मी मामाबरोबर मुंबईला आले, तो पहिलाच दिवस होता. भोईवाड्यातल्या चाळीचा जिना चढून आम्ही गॅलरीत पोचलो, तर समोर एक उंच, सावळी बाई ओले केस पाठीवर सोडून उन्हात बसलेली. केस खाली फरशीला टेकत होते. मामा म्हणाला, "काकी, ही शांता. आमच्या ताईची पोर." काकी उठली, माझ्यावर वाकली आणि बाजारात कोथिंबिरीची जुडी हुंगून बघावी तसा तिने माझ्या डोक्यावरून एक लांब श्वास घेतला. माझं डोकं फडक्याने घट्ट बांधलेलं होतं, तरीही.

"कधी न्हालीस गो?"

मी फडकं आणखी घट्ट ओढलं. मामा भलतीकडे बघू लागला. शेवटी मामीने बाहेर येऊन मला हाताला धरून खोलीत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

पुढे कळलं, की ती सगळ्यांचीच डोकी हुंगते. काकी एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. दिवसभर बाळांना आणि बाळंतिणींना न्हाऊ घालायची, आणि घरी आल्यावरही तिचे हात थांबत नसत. गॅलरीतून जाणाऱ्या बाईला थांबवायची, हुंगायची आणि निकाल सांगायची. हौसाबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात होती, तिच्या केसांत रोज कापसाची पिंज अडकलेली. तिला हुकूम होता, "तू एक दिसाआड." मामीला म्हणायची, "तुझं चार दिस चालंल. पण तेल कमी चोपड. डोकं हाय, पुरणपोळी नाय." शेजारच्या गणपतदादांना पूर्ण टक्कल. ते मुद्दाम पुढे यायचे, "काकी, आमचं कधी?" काकी म्हणायची, "तुझ्यावर रोज फडका मार रे दादा. चाळीला आरसा होईल."

हौसाबाईचं आणि तिचं नळावर न्हाण्याच्या वाराविषयी भांडण ठरलेलं. भाऊ असलेल्या बाईने सोमवारी न्हायचं नाही, नाहीतर भावाला बाधतं, असं हौसाबाईच्या माहेरी मानत.

"भाऊ न्हातो काय गो सोमवारी?" काकी विचारायची.

"तो न्हाईल नाहीतर काय! पुरुषमाणूस."

"मग त्याच्या न्हाण्यानं तू मेलीस काय कधी? भूक लागते ती वार बघून लागते? तसंच डोक्याचं. आंबूस वास आला, की न्हायचं."

आणि एवढं बोलून तीच नळ अडवून बसायची. तिचे ते गुडघ्याच्याही खाली जाणारे केस धुवायला बादल्यांवर बादल्या लागत. मागे बायकांची रांग ओरडत असायची. काकीला आपल्या केसांचा गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

त्या थंडीत चाळीतल्या बहुतेक घरांनी धम्मदीक्षा घेतली होती. घरातले टाक, तसबिरी दादरच्या समुद्रात सोडून दिल्या होत्या. काकीच्या खोलीतली देव्हाऱ्याची फळी तेवढी भिंतीवर राहिली. तिच्यावर तिने रिठे-शिकेकाईचा डबा ठेवला. "जागा कशाला वाया घालवा?" म्हणाली.

दुसरीकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चाललेली. संध्याकाळी नाक्यावर सभा, सकाळी प्रभातफेरी. काकीचा एकुलता एक मुलगा वसंता गिरणीत होता, आणि पाळी सुटली की झेंडा घेऊन मोर्चात. काकी त्याला अडवत नसे. फक्त म्हणायची, "जा, पण घामाचं डोकं घेऊन उशीवर निजू नको."

आता माझ्या फडक्याविषयी सांगायला हवं.

गावी मला मोठा ताप आला होता. कितीतरी दिवस मी अंथरुणाला खिळून होते. तापात न्हाऊ घालायचं नाही, विंचरायचं नाही, म्हणून कुणी माझ्या केसांना हात लावला नाही. मी उठले तेव्हा मानेपाशी केसांची एक वळी झाली होती. आईने ती पाहिली आणि हातातली फणी खाली ठेवली. आमच्या भागात त्याला जट म्हणतात. जट आली म्हणजे देवीने मुलीला मागितलं. मग तिला जत्रेत नेऊन देवीला सोडायचं. तिचं लग्न नाही, शाळा नाही, जन्मभर गळ्यात देवीचे मणी आणि हातात परडी. भावकीतल्या म्हाताऱ्या आल्या, गुंत्याला हळद-कुंकू लावून गेल्या. त्या दिवसापासून डोक्यावर पाणी घ्यायचं नाही, फणी लावायची नाही. तेल, हळद आणि धूळ बसून ती वळी काथ्याच्या दोरासारखी कडक झाली.

मी वर्गात पहिली होते. म्हणून आईने एवढंच पदरात पाडून घेतलं, की माघी पौर्णिमेच्या जत्रेपर्यंत पोरगी मामाकडे राहून शिकेल. मामाला तिने बजावलं होतं, "डोक्याला हात लावू देऊ नको कुणाला." मामाने स्वतः दीक्षा घेतली होती, सभेत भाषणंही करायचा. पण माझ्या डोक्याकडे बघायचं टाळायचा. सगळी चाळच टाळायची. देव समुद्रात सोडून आलेली माणसं माझ्या मानेवरच्या त्या गाठीला भीत होती, कारण जट सोडवणाऱ्याच्या घरातलं माणूस देवी नेते, अशी समजूत होती.

मुंबईच्या शाळेत मुली माझ्याजवळ बसेनात. वास यायचा, हे मलाही कळत होतं. कुशीवर झोपता येत नव्हतं. एका दुपारी काकी एकटी गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि फडकं सोडलं.

"काकी, न्हायले तर काय होईल?"

तिने हुंगलं नाही. तिच्याकडे निकाल तयार नाही, असं मी पहिल्यांदा पाहत होते. तिची नजर आत दोरीवर वाळणाऱ्या वसंताच्या सदऱ्याकडे गेली. ती म्हणाली, "जा बाय, अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी इस्पितळातली पाळी संपवून ती आली ती थेट आमच्या दारात. एका हातात खोबरेल तेलाची वाटी, दुसऱ्या हातात कात्री.

मामी आडवी आली. "काकी, नको हो. यांच्या बहिणीला काय सांगू?"

"सांग, तानीनं केलं."

"अहो, पण काही झालं तर?"

"झालं तर माझ्या घरात होईल. तुझ्या नाय." मग मामाकडे वळून, "आणि तू काय बघतोस? भाषण कर जा नाक्यावर."

मामा खरोखरच उठून गेला. पण जाताना बादली भरून ठेवून गेला.

काकीने मला गॅलरीत, सगळ्यांसमोर बसवलं. तेल मुरवत, बोटांनी एकेक केस सोडवत ती दुपारभर बसली. तिची बोटं माझ्या मानेला लागत होती आणि ती थरथरत होती, हे मला आजही आठवतं. ती सारखी बोलत होती. मला वाटतं, स्वतःलाच धीर देत होती. "ताप आला, न्हाली नाय, विंचरलं नाय. गुंता झाला. गुंत्याला हळद लावली आणि देवी केली! वॉर्डात महिनाभर पडलेल्या बायका असतात, त्यांचा पण होतो असा गुंता. त्यांना कोण नेतंय?" खालचा दगडासारखा भाग काही सुटेना. तेव्हा तिने क्षणभर डोळे मिटले, मग कात्री चालवली, आणि तो तुकडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मग रिठ्याचं कोमट पाणी. मी रडत होते. किती हलकं वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी वसंता घरी आला नाही.

फोर्टात मोर्चावर लाठीमार झाला होता आणि पोलिसांनी पोरांना गाड्यांत भरून नेलं होतं. कुठे नेलं, कुणाला माहीत नव्हतं. सकाळी नळावर हौसाबाई म्हणाली, "सांगत होते मी. देवीनं दाखवलं."

काकीचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "देवीला पोर न्यायला पोलिसांची गाडी लागते काय गो? आणि त्या गाडीत भरलेल्या सगळ्या पोरांच्या आया काल जटा सोडवत बसल्या होत्या काय?"

पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. ती चौकीचौकीवर जाऊन आली. कुणी काही सांगेना. चाळीत तिच्याशी बोलणं कमी झालं. मामीने मला हळूच सांगितलं, "आता पुन्हा नाही न्हायचं हं. वसंता येईपर्यंत तरी." मी मान हलवली. काकीसमोर जायला मला भीती वाटत होती. माझ्यामुळे तिचा मुलगा गेला, असंच मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काकी रिठ्याची वाटी घेऊन उभी होती.

"चल. आज तुझं न्हाण."

मामी म्हणाली, "काकी, वसंताचा पत्ता नाही, आणि तुम्ही..."

"पत्ता नाय, म्हणून हिचं डोकं थांबतंय काय? आज सोडलं तर परत गुंता होईल. परत गुंता झाला, की तुम्ही परत हळद आणाल." ती पाटावर बसली आणि मला पुढ्यात ओढलं. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. तिची बोटं मात्र थरथरत नव्हती.

वसंता त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुटला. डोक्याला पट्टी, दाढी वाढलेली. चाळ त्याच्याभोवती गोळा झाली, कुणी घोषणा दिली. काकी गर्दीतून पुढे आली, त्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढलं आणि हुंगलं.

"शी! लॉकपात पाणी नव्हतं काय रे?"

आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

माघी पौर्णिमा जवळ आली तशी आई मला न्यायला आली. तिने माझ्या दोन वेण्या पाहिल्या, आणि तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकून बसली. काकी आली, तिच्याजवळ वाकली आणि सवयीने श्वास घेतला.

"बाय, तू कधी न्हालीस गो?"

आईने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग हळूहळू बाहेर आलं. माझ्या डोक्याला पाणी बंद झालं, त्या दिवसापासून आईनेही स्वतःच्या डोक्यावर पाणी घेतलं नव्हतं. पोरीला जे नाही ते आपल्याला कशाला, म्हणून. काकीने काही समजावलं नाही, भाषण केलं नाही. आईला हाताला धरून मोरीवर नेलं आणि लहान मुलीसारखं न्हाऊ घातलं. पाण्याच्या आवाजात आई मोठमोठ्याने रडत होती आणि काकी म्हणत होती, "डोळं मीट, रिठा झोंबंल."

दोन दिवसांनी आई एकटीच गावी परतली. भावकीला तिने काय सांगितलं, कसं निभावलं, ते ती मला कधी बोलली नाही. मी मात्र शाळेत राहिले, पुढे कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आधी काकीकडे गेले. तिने पेढा तोंडात टाकला, माझं डोकं हुंगलं आणि म्हणाली, "परीक्षेच्या नादात आळस केलास."

पुढे मी शिक्षिका झाले, संसाराला लागले, भोईवाडा सुटला. काकी अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेले. केस पांढरे, विरळ झालेले, सुनेने सोयीसाठी खांद्यापर्यंत कापलेले. सून चांगली होती. म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांनी एकदा न्हाऊ घालते. आता त्यांना कुठे बाहेर जायचंय?"

फळीवर तो रिठे-शिकेकाईचा डबा अजून होता. काकी डोळे मिटून पडली होती; माणसं ओळखते की नाही, याची सुनेला खात्री नव्हती. मी तिच्यावर वाकले आणि एक लांब श्वास घेतला.

"काकी, कधी न्हालीस गो?"

तिने डोळे उघडले. मग ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं.

"आज वार कुठला?" तिने विचारलं.

"सोमवार."

"मग बघतेस काय? पाणी ठेव."