तारोडीच्या ओढण्या आणि सात पाणी

भाईंदरजवळच्या समुद्रकाठच्या तारोडीला बसमधून उतरले तर समोरच फिलोमिना मावशी उभ्या होत्या. खांद्यावर मी छापलेली लाल ओढणी, आणि पांढऱ्या पोलक्यावर (ब्लाउजवर) तिचेच डाग. गावातल्या बायकांनी सणासाठी माझ्याकडून ठशांच्या ओढण्या घेतल्या होत्या. पहिल्याच घामात सगळ्यांचा रंग सुटला, म्हणून मी साताऱ्याहून स्वतः आले होते.

"हाताचं काम म्हनलं का असंच," मावशी म्हणाल्या. "सगल्या परत ने."

"नेते. पण परवा परत आणते. तेव्हा खाऱ्या पाण्यात बुडवून बघा."

बोलून तर गेले, पण उपाय कुठे माहीत होता? मावशींनी तरीही तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील खायला घालूनच सोडलं.

ओढण्यांचं बोचकं घेऊन भाईंदर पूर्वेला गेले. रंगाईच्या दोन कारखान्यांनी दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इधर हात का काम नहीं होता."

"रंग तर तोच असतो ना?" म्हणत मी बाकावर ठाण मांडलं.

दुपारी रंगाईमास्तर बाहेर आले. मूळचे लातूरचे. ओढणी चोळून बघत त्यांनी विचारलं, "छापून, रंग पक्का केल्यावर धुताय कसं?"

"गार पाण्यात. दोनदा."

"इथंच चुकतंय, ताई. धाग्यानं धरला तेवढाच रंग खरा. वरवर बसलेला उकळत्या साबणाच्या पाण्यात काढावाच लागतो."

इतकी वर्षं मी रंग विकणाऱ्याला दोष देत होते! मास्तरांनी एक पातेलं मोकळं करून दिलं. पहिलं पाणी लालभडक, चौथं गुलाबी. वाफेनं मनगट पोळलं.

"बास की आता," मास्तर म्हणाले.

"नाही." सातव्या पाण्याला पातेल्याचा तळ स्वच्छ दिसला, तेव्हाच थांबले.

ठरल्या दिवशी तारोडीत मावशींनी समुद्राच्या पाण्यात भिजवलेली ओढणी पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि पायांनी तुडवली. शेजारणी वाकून बघत होत्या. फडकं पांढरंच राहिलं.

"फिकी झालीय जरा," मावशी म्हणाल्या.

"झालीय. पण आता सुटणार नाही."

"आन् उन्हान् रंग उडाला तं?"

परतीच्या बसमध्ये तोच प्रश्न सोबतीला होता. हात शिवशिवत होते. घरी आल्या आल्या घरची एक लाल ओढणी तशीच सात पाण्यांत धुऊन गच्चीवर उन्हात ताणून बांधली, तिचा अर्धा भाग फळीखाली झाकला. रोज फळी उचलून दोन्ही लाल ताडून बघते. फरक दिसेल त्या दिवशी पुन्हा भाईंदर गाठायचं, आणि बाकावर बसायचं.